माच्या आईचा फोटो

लायलॅक फुलला की आमच्या घरात दोन कामं असतात. ॲलर्जीच्या गोळ्या वरच्या कपाटातून खाली आणायच्या आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायची. यंदा गोळ्या आणल्या, बॅटरी राहूनच गेली. मग परवा ची हुओंगचा मेसेज आला. "शनिवारी सकाळी सराव. मुली नवीन आहेत. कॅमेरा आण. सपाता घालून येऊ नकोस, मागच्या वेळी पाय मुरगळून घेतलास." ची म्हणजे ताई. ही हुओंगताई आमच्या व्हिएतनामी चर्चमधल्या स्वयंपाकघराची, फुलांची आणि खरं तर सगळ्याच कारभाराची मुख्य. तिच्या मेसेजला नाही म्हणायची सोय नसते. बॅटरी लावली. चार्जरचा लाल दिवा लागला आणि मी कट्ट्याला टेकून त्याच्याकडे उगीच बघत उभी राहिले. असं मी सहसा करत नाही.

मी मूळची अकोल्याची. मे म्हणजे कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि दुपारी बंद केलेली दारं, हे माझ्या अंगात मुरलेलं. शिकागोजवळच्या या नेपरव्हिलचा मे अगदी उलटा. इथे सगळ्या गल्लीची दारं-खिडक्या मे महिन्यातच पहिल्यांदा उघडतात. गवत कापायची यंत्रं घरघरतात, मेपलच्या बिया भिरभिरत गाड्यांच्या काचांवर पडतात, आणि हिवाळाभर न दिसलेले शेजारी जिवंत असल्याचं कळतं. पण माझा मे गेली वीसेक वर्षं या दोन्हींत बसत नाही. तो एका चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये जातो. तिथे लांब रेशमी आओ-झाय घातलेल्या आणि खाली स्नीकर्स चढवलेल्या मुली हातात प्लास्टिकची फुलं घेऊन नाच बसवत असतात आणि हुओंगताई कर्ण्यातून ओरडत असते.

हे सगळं लग्नातून आलं. स्टेट कॉलेजला शिकत असताना रोज एकाच बसमध्ये एक मुलगा दिसायचा, खोआ. तो लहान असताना त्याचे आईवडील बोटीतून निघून, छावण्यांतून फिरून इथे आले होते. पुढचं सांगण्यात वेळ घालवत नाही. लग्न झालं, शिकागोच्या बाजूला नोकऱ्या लागल्या, आणि सासरे गेल्यावर त्याची आई आमच्याकडे राहायला आली. तो तिला मा म्हणे, म्हणून मीही मा म्हणे. आमची मुलगी लीना तिला आजी म्हणायच्या ऐवजी माच म्हणायला लागली, कारण घरात सगळे तेच म्हणत. सासूला मराठीत 'त्या' म्हणतात हे मला माहीत आहे. पण मा म्हटल्यावर ते जमत नाही. आईला आपण ज्या हक्काने अगं-तुगं करतो तसंच होतं. आमचं बोलणं तिच्या तुटक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून तुटक्या व्हिएतनामीत चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे आम्ही दोघी होतो त्याहून जास्त शहाण्या वाटू.

चर्चला मी आधी फक्त ड्रायव्हर म्हणून जात असे. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर खालच्या हॉलमध्ये जेवण असायचं. मोठमोठ्या पातेल्यांत नूडल्सचा रस्सा, कढईत तळले जाणारे चा-योचे रोल, डब्यातल्या घट्ट दुधाची गार कॉफी. मी बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेले की मला बाहेर काढायचे. "तू बस, तू पाहुणी." पाहुणी म्हणून बसणं मला कधीच जमलेलं नाही. दहा वर्षं झाली तरी पाहुणी! एका रविवारी खोआने गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला आणि खुर्च्या उचलायला गेला. मी चार फोटो काढले. पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन दिले. त्याच्या पुढच्या रविवारी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, आणि माझं नाव पडलं 'फोटोवाली'. तेव्हापासून मला कुणी बस म्हणालेलं नाही.

तिथले फोटो काढायचे काही नियम असतात आणि ते मला चुका करून करूनच कळले. म्हाताऱ्या माणसाचा फोटो पायांसकट हवा. पाय कापले तर "माझे पाय कुठे गेले?" म्हणून पुढच्या आठवड्यात प्रिंट परत. दात दाखवून हसायचं ते तरुणांनी. आणि तीन माणसांचा फोटो काढायचा नाही. मधल्याचं वाईट होतं म्हणे. सगळे पक्के कॅथलिक, पण तिघं एका ओळीत आले की कुणीतरी धावत जाऊन चौथा पकडून आणतं. माझ्या संग्रहात अशा चौथ्या माणसांचं एक दालनच आहे. हातात भज्याची प्लेट असलेला फादर, तोंड पुसणारा कुणाचा तरी जावई, एकदा तर नुसतंच बाळ, त्याला धरणारा हात चौकटीबाहेर.

मे महिना मारियामातेचा. महिनाभर शनिवारी-रविवारी मुली फुलं घेऊन, गाण्याच्या लयीत पावलं टाकत वेदीपर्यंत जातात आणि तिच्या पायाशी फुलं ठेवतात. पांढरी, पिवळी, लाल, जांभळी, प्रत्येक रंगाचं आपलं कडवं. सराव प्लास्टिकच्या फुलांवर आणि शेवटच्या रविवारी खरी. लीना सहावीपासून त्यात होती. तिला व्हिएतनामी धड येत नसे, पण गाणं तोंडपाठ. एकदा मी विचारलं, या ओळीचा अर्थ काय? "आय डोन्ट नो आई, इट्स अबाउट फ्लॉवर्स," असं म्हणून ती गेली. तिचं काही चुकलं नव्हतं.

तर तो मे. लीना नववीत होती आणि जांभळ्या रांगेत होती. सराव संपवून आम्ही घरी निघालो होतो, मा माझ्या शेजारी, लीना मागे कानात वायर घालून. लाल सिग्नलला मा म्हणाली,

"सू, तू माझ्या आईचा फोटो काढ."

माझं नाव सुनंदा. तिच्याकडे त्याचं सू झालं होतं.

मला वाटलं, भाषेचा घोळ झाला. तिची आई युद्धात गेली होती. घर जळालं, त्यात ती, आणि त्यातच तिचा एकुलता एक फोटो. हे मला माहीत होतं, कारण आमच्या घरातल्या पूर्वजांच्या वेदीवर ते रोज दिसायचं. दिवाणखान्यात भिंतीला उंच फळी आहे. वर क्रूस आणि मारियामाता, खालच्या फळीवर गेलेल्या माणसांचे फोटो, फळं, उदबत्तीचं भांडं. सासरे, सासऱ्यांचे आईवडील, माचे वडील. आणि शेवटी एक फ्रेम, जिच्यात फोटोच्या जागी नुसतं नाव होतं, वळणदार अक्षरात लिहिलेलं. सणाच्या दिवशी घरी येणारी माणसं सगळ्या चेहऱ्यांसमोर मान झुकवून त्या नावापाशी आली की जरा थबकत. नावाकडे नक्की कुठे बघायचं ते कळत नसे.

"मा, फोटो कशाचा काढू?"

"माझा. मी आता तिच्यासारखी दिसते. सकाळी आरशात तीच दिसते. तिचे कपडे घालते, तिच्यासारखे केस बांधते, तू काढ. मग ते नाव काढून हा ठेवू."

"पण त्या तर साठीच्याच होत्या ना? तू पंचाहत्तरची."

"ती शेतात राबलेली साठ. मी एअर कंडिशनमधली पंचाहत्तर. हिशेब बरोबर येतो."

मागून हॉर्न वाजला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

मला त्यात विचित्र काही वाटलं नाही, हे आज आठवून नवल वाटतं. मला ते एक काम वाटलं. उजेड कुठला, पडदा कुठला, कपडे कोण देणार. खोआला मात्र पटलं नाही. "कंप्युटरवर करता येतं आता मा," तो म्हणाला. "तुझे, मोठ्या मावशीचे फोटो घालायचे, वय सांगायचं, तो बरोबर चेहरा काढून देतो."

मा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "कंप्युटरला माझी आई कुठे भेटली?"

लीना म्हणाली, "सो मा इज कॉस्प्लेइंग हर मॉम? दॅट्स काइंड ऑफ ऑसम, काइंड ऑफ क्रीपी." त्याचं भाषांतर मी केलं नाही, पण माला कळलं असावं. तिने पालकाचा एक देठ लीनाच्या दिशेने भिरकावला.

पहिले फोटो गॅरेजमध्ये काढले. दार अर्धं वर, मागे पांढरी चादर, उत्तरेचा मऊ उजेड. हुओंगताईने तपकिरी रंगाचा जुन्या पद्धतीचा झगा आणून दिला. माने केस लांब काळ्या कापडात गुंडाळले आणि त्याची वळी डोक्याभोवती फिरवून बसवली. हे तिने आरशाशिवाय केलं. मी क्लिक करत गेले आणि ती माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत गेली.

"ही मी आहे."

दुसरा. "हीसुद्धा मीच."

दहावा. "ही दुकानात कूपन घेऊन उभी असलेली बाई आहे."

पुढच्या शनिवारी अंगणात, लायलॅकच्या बाजूला. तो फोटो फारच सुंदर आला आणि तिने तो तिथल्या तिथे बाद केला. "माझ्या आईला फुलाशेजारी उभं राहायला वेळ नव्हता." मग स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. मग पुन्हा गॅरेज, या वेळी खाली बसून, कारण आई खाली बसायची. बसताना गुडघा कटकन वाजला, उठताना मला आणि खोआला दोन्हीकडून धरावं लागलं. मी नोकरीत क्वालिटीचं काम करते. औषधाच्या गोळ्या ठरल्या मापात आहेत की नाहीत ते बघायचं. तिथे माप लिहिलेलं असतं. इथे ते एकाच बाईच्या डोक्यात होतं आणि तिलाही ते सांगता येत नव्हतं. डोळे बरोबर, ती म्हणायची. कपाळ बरोबर. मग काय चुकतं? तिला माहीत नव्हतं. चिडून ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची, मी माझ्या भाषेत, आणि आम्ही दोघी आत जाऊन चहा प्यायचो.

महिना संपत आला तसं माझ्या लक्षात आलं की तिला घाई आहे. शेवटच्या रविवारच्या सणासाठी नव्हे. तिची थोरली बहीण होती, खोआची मोठी मावशी. मराठीसारखाच व्हिएतनामीतही आईच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, त्यामुळे मी तिला मनातल्या मनात आपली मोठी मावशीच म्हणत असे. ती नव्वदीच्या घरात, जवळच्याच वृद्धांच्या सेंटरमध्ये होती, आणि दिवसेंदिवस विसरत चालली होती. आधी दुपारचं जेवण, मग नातवांची नावं. आईचा चेहरा पाहिलेली जगात ती आणि मा अशा दोघीच उरल्या होत्या. फोटो बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. मा तोंडाने हे कधी बोलली नाही. पण प्रत्येक फसलेल्या फोटोनंतर ती सेंटरला फोन करून विचारायची, "आज बोलते आहे का ती?"

एका संध्याकाळी मी भांडी पुसत असताना ती सहज म्हणाली, "तिचं तोंड कधी रिकामं नसायचं."

"खूप बोलायच्या?"

"छे. पान. पान, सुपारी, चुना. दिवसभर. मी करून द्यायची."

मी फडकं खाली ठेवलं. तीन आठवडे आम्ही उजेड बदलतोय, चादर बदलतोय, आणि ही बाई आता सांगते! माझ्या आत्याला पानाचं व्यसन होतं. पान खाणाऱ्या बाईचा चेहरा मी ओळखते. एक गाल किंचित वर, ओठ मिटलेले आणि जरा पुढे, हनुवटी खाली, आणि बोलायचं नसल्यामुळे सगळं बोलणं डोळ्यांत आलेलं. हे रिकाम्या तोंडाने येत नाही. कितीही अभिनय करा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधून निघाले आणि आपल्या इंडियन दुकानात गेले. विड्याची पानं, सुपारी, चुन्याची ट्यूब. काउंटरवरचे काका म्हणाले, "पूजा आहे वाटतं घरी?" मी म्हटलं, "फोटो आहे." त्यांनी पानं कागदात गुंडाळून दिली.

माने पान हातात घेतलं, उलटं केलं, शिरेवरून अंगठा फिरवला. आमच्याकडे त्रिकोणी विडा करतात. तिने पानाच्या कडा कात्रीने कापून पाखराच्या पंखांसारख्या केल्या, चुना लावला, गुंडाळी केली आणि टोक तिच्यातच खोचलं. बोटं झरझर चालत होती. इतक्या वर्षांत ते केलं नव्हतं, आणि मधे एकदाही बोट अडखळलं नाही. मग तिने तो विडा सवयीने माझ्यापुढे धरला, दोन्ही हातांनी. आईला द्यायची तसा. भानावर येऊन हसली आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"तू कधी खाल्लं होतंस?"

तिने मान हलवली. आईने खाऊ दिलं नव्हतं. शाळेत जाणाऱ्या मुलीने दात खराब करायचे नाहीत.

"पहिली पिंक गिळू नकोस," मी ओरडले. उशीर झाला होता. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, गॅरेज फिरतंय म्हणाली. मी पेपर कप पुढे केला. लीनाने पंख्यासारखी वही हलवली. "इज शी हाय? आई, इज मा हाय?" मा हसायला लागली आणि त्यात पुन्हा ठसका. मग दुसरा विडा. या वेळी तिने नीट चावला, एका गालात सारला, आणि रस तोंडात धरून ताठ बसली. माझ्या लग्नानंतर मी तिला पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बघितलं.

कॅमेऱ्यातून बघताना मला कुणी ओळखीचं दिसलं नाही. एक कडक, दमलेली बाई माझ्याकडे बघत होती, जिला घरात अजून कामं होती आणि मी तिचा वेळ खात होते. मी क्लिक केलं.

माने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. तोंडात रस असल्यामुळे बोलता येत नव्हतं. तो थुंकून आली, तोंड धुऊन आली, पुन्हा बघितलं. हीच आई, असं काही ती म्हणाली नाही. "हा ठेव," एवढंच म्हणाली. "तिला दाखवू."

मोठी मावशी खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होती. मांडीवर घडी घातलेलं ब्लँकेट. माला तिने ओळखलं की नाही कळलं नाही. मला ओळखलं नाही, पण हात धरून ठेवला. माने पिशवीतून फोटो काढला, काही न बोलता तिच्या मांडीवर ठेवला आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. इतकी जवळ, की तिचं कोपर मला लागत होतं.

मावशीने फोटो उचलला. दूर धरला, जवळ धरला. मग दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि बोलायला लागली. भरभर, लहान आवाजात. मला तुकड्यातुकड्यांत कळत होतं. मा, जेवलीस का. मा, भात झाला होता, मी झाकून ठेवला होता. मा, इतका उशीर का. मग एकदम मान वर करून तिने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माला पाहिलं, आणि धाकट्या बहिणीवर खेकसावं तसं खेकसली,

"बघत काय उभी राहिलीस? मा उन्हातून आली. पाणी आण."

आणि मा गेली. पंचाहत्तर वर्षांची बाई, जी आमच्या घरात कुणाचं ऐकत नसे, कॉरिडॉरमधल्या मशीनपाशी जाऊन पाण्याचा कप भरून घेऊन आली आणि दोन्ही हातांनी फोटोपुढे धरला. स्वतःच्याच चेहऱ्यापुढे. मावशी म्हणाली, "हां, आता बस." मा बसली.

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. मका पेरायचं काम चालू असलेली शेतं, मग गोदामं, मग आमचं गाव. मी म्हटलं, झालं ना, मा. बरोबर निघाला. मावशीने ओळखलं.

"तिला आई मिळाली," मा म्हणाली. "मला मीच दिसते. माझाच काढलेला फोटो आहे हे मला माहीत आहे ना. मी गॅरेजमध्ये बसले होते, गुडघा दुखत होता, लीना वही हलवत होती. तेच दिसतं." मग म्हणाली, "आता तर आरशातसुद्धा ती दिसत नाही. फोटो दिसतो."

मी अशा वेळी बोलणारी बाई नाही. दूध संपलंय, वाटेत थांबू या का, असं काहीतरी विचारलं असेन.

शेवटच्या रविवारी खरी फुलं आली. चर्चभर लिलींचा वास, वेदीपर्यंत सांडलेल्या पाकळ्या, आओ-झायखाली या वेळी नीट पांढऱ्या चपला. लीनाची जांभळी रांग एका ठेक्याने चुकली आणि हुओंगताईने कपाळावर हात मारला, तो फोटो माझ्याकडे आहे. त्याच दुपारी घरी फादर आले, नावाची फ्रेम खाली उतरली आणि फोटो वर गेला. आलेल्या सगळ्यांनी मान झुकवली. कुणी थबकलं नाही. "तू अगदी आईवर गेली आहेस," एक म्हातारी माला म्हणाली. मा म्हणाली, "हो, सगळे म्हणतात."

मोठी मावशी त्याच वर्षी, पावसाळी ऑक्टोबरमध्ये गेली. मा या जानेवारीत. तिच्यासाठी फोटो निवडायचा झाला तेव्हा माझ्या कंप्युटरवर तिचे हजारो होते आणि नियमात बसणारा एकही नव्हता. जो घेतला त्यात ती हॉलमध्ये तिघींना उभं केलेलं पाहून चौथी आणायला ओरडते आहे. तोंड उघडं, दात दिसताहेत. हुओंगताईला तो आवडला नाही. "वेदीवर असं ओरडतात?" मी म्हटलं, ती ओरडायचीच. आता दोघी शेजारी शेजारी आहेत. पाहुणे आले की म्हणतात, आई आणि मुलगी, केवढं साम्य. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो आणि चहा आणायला उठतो.

मे आला की मला तिची आठवण येते. पण ती या दोन्ही फोटोंतली नसते. तो फोटो वर गेला त्याच आठवड्यातली एक सकाळ असते. खिडकी उघडी होती, कुणीतरी गवत कापत होतं. मी कपड्यांची बास्केट घेऊन जिन्यावरून खाली येत होते. मा वेदीसमोर उभी होती. रोजची प्रार्थना तिची भरभर असायची, बँकेतलं काम उरकावं तशी. त्या दिवशी ती काहीच म्हणत नव्हती. तिने उदबत्ती लावली, खोचली, फोटोकडे बघितलं, आणि नुसतीच उभी राहिली. मग तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला. घडी करून फळांच्या ताटलीशेजारी ठेवला. तिचा नंबर एवढा होता, की चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस कोण ते कळत नसे. नुसता एक आकार दिसत असणार, काळ्या कापडाखाली कपाळ आणि मिटलेले ओठ.

ती थोडी पुढे झुकली आणि तिने हाक मारली.

"मा."

हा शब्द आमच्या घरात दिवसातून शंभरदा ऐकू यायचा, सगळ्यांच्या तोंडून, तिच्यासाठी. तिच्या तोंडून मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.